धुराड्याच्या धुराचे माप

गिरणीच्या धुराबद्दलची तक्रार आणि तिला मिळणारे उत्तर, ही दोन्ही गिरणीइतकीच जुनी आहेत. शेजारची वस्ती म्हणते, धूर काळाकुट्ट आहे. व्यवस्थापक म्हणतो, तो नेहमीसारखाच आहे. दोघेही आकाशाकडे बोट दाखवितात आणि दोघांनाही आपलेच खरे वाटते. धान्याचा तंटा तराजूने मिटतो, जमिनीचा साखळीने. परंतु धुरासाठी तराजू कोठून आणावयाचा, हा प्रश्न एकोणिसावे शतक सरत येईपर्यंत बहुतेक अनुत्तरितच राहिला होता.

इंदूरच्या परदेशीपुऱ्याचे उदाहरण या दृष्टीने विचारात घेण्याजोगे आहे. इंदुरात गिरणीला गिरणी म्हणण्याचा प्रघात नाही. तेथील मराठी घरांतूनही ‘मिल’ हाच शब्द चालतो. दुसऱ्या तुकोजीराव होळकरांनी १८६० नंतरच्या दशकात संस्थानच्या खर्चाने पहिली मिल उभारण्यास आरंभ केला. पुढे विसाव्या शतकाच्या पहिल्या पंचवीस-तीस वर्षांत मालवा युनायटेड, हुकुमचंद, स्वदेशी, कल्याणमल, राजकुमार अशा मिली एकामागून एक उभ्या राहिल्या. त्यांतील बहुतेकांनी जुन्या शहराच्या उत्तरेचा व पूर्वेचा भाग धरला. त्यांच्या मागोमाग कामगार आला, आणि कामगारांच्या मागोमाग वस्ती. मराठी मुलखात ‘परदेशी’ हा शब्द उत्तरेकडून येऊन स्थायिक झालेल्या माणसाला लावीत. परदेशीपुरा या नावात तोच अर्थ दिसतो. ही वस्ती राजवाड्यापासून ईशान्येस आहे. माळव्यात उन्हाळ्याच्या उत्तरार्धात आणि पावसाळ्यात वारा मुख्यतः पश्चिमेकडून व नैऋत्येकडून येतो. म्हणजे त्या दिवसांत धूर राजवाड्यावर न जाता कामगारांच्याच चाळींवर उतरावयाचा. ज्यांनी धुराड्याखाली भट्टी पेटवावयाची, त्यांच्याच घरातील वाळत घातलेल्या धोतरा-लुगड्यांवर काजळी पडावयाची, असा हा योग होता.

प्लेगने गांजलेल्या इंदूरची पाहणी करण्यासाठी होळकर दरबाराने पाचारण केलेले स्कॉटिश नगररचनाकार पॅट्रिक गेडिस यांनी १९१८ साली दोन खंडांचा अहवाल सादर केला. त्यात मिलींच्या परिसराची आणि कामगारवस्तीच्या मांडणीची स्वतंत्र चर्चा आहे. घर, हवा आणि काम यांचा विचार एकत्र झाला पाहिजे, ही त्यांची दृष्टी होती. परंतु हवा किती मळली आहे हे ठरविण्याचे काम नगररचनेचे नव्हे. त्यासाठी दुसरेच शास्त्र लागते.

धूर म्हणजे काय, हे घरातल्या कंदिलावरून उत्तम समजते. कंदिलाची काच काढली की वात धुरकटते. काच बसविली की तीच ज्योत स्वच्छ होते. तेल तेच, वात तीच. काचेमुळे फक्त हवा नीट ओढली जाते आणि ज्योतीभोवतीची उष्णता टिकते. वात भलतीच वर केली तर मात्र काचही काळी पडते. मिलच्या भट्टीतही याहून निराळे काही घडत नाही. आपल्याकडे सामान्यतः वापरल्या जाणाऱ्या दगडी कोळशात उष्णतेने वायुरूप होणारी द्रव्ये पुष्कळ असतात. रसरशीत निखाऱ्यांवर ताज्या कोळशाचे फावडे पडले की काही क्षणांतच ही द्रव्ये बाहेर पडू लागतात. त्या क्षणी त्यांना पुरेशी हवा, पुरेशी उष्णता, हवेशी घुसळून मिसळण्याची संधी आणि जळून जाण्यास थोडा अवकाश, एवढे सर्व मिळाले तर ती ज्योतीत नाहीशी होतात. यांतील एकाचीही उणीव पडली की त्यांतील कार्बन सुटा होतो आणि अतिसूक्ष्म काजळीच्या रूपाने धुराड्यावाटे निघून जातो. हे कण बहुधा एका मायक्रॉनहूनही, म्हणजे मिलिमीटरच्या हजाराव्या भागाहूनही लहान असतात. इतके बारीक कण प्रकाश अडविण्यात पटाईत असतात. म्हणूनच वजनाने थोडी असलेली काजळी डोळ्यांना एवढी मोठी दिसते.

कापडाच्या मिलला वाफ लागते ती अनेक कामांसाठी. पूर्वी यंत्रे फिरविणारी एंजिने वाफेवर चालत. वीज आल्यावरही ताण्याला खळ देणे, कापड धुणे, रंगविणे, वाळविणे या कामांसाठी वाफेवाचून चालत नाही. शिवाय ही मागणी दिवसभर सारखी नसते. रंगखात्यात दोन-चार हौद एकदम तापवावयास घेतले की बॉयलरमधील दाब घसरतो, काटा खाली आलेला पाहून आगवाला घाईने कोळसा लोटतो, आणि पुढची काही मिनिटे धुराडे काळे लोट ओकते. धुराचा उगम असा पुष्कळदा भट्टीत नसून रंगखात्यातच असतो.

आता मोजमापाकडे वळू. पॅरिसमध्ये कृषियंत्रशास्त्राचे अध्यापन करणारे माक्सिमिलियँ रिंगेलमान यांनी १८८८ च्या सुमारास एक अत्यंत साधी युक्ती काढली. पांढऱ्या कागदावर काळ्या शाईने उभ्या-आडव्या रेघांची जाळी काढावयाची. दोन रेघांच्या मध्यांतील अंतर नेहमी १० मिलिमीटर. पहिल्या क्रमांकाच्या पत्रात रेघेची जाडी १ मिलिमीटर, दुसऱ्यात २.३, तिसऱ्यात ३.७ आणि चौथ्यात ५.५. शून्य क्रमांकाचे पत्र कोरे पांढरे, पाचवे पूर्ण काळे. या आकड्यांमागील हिशेब शाळकरी मुलालाही करता येईल. पहिल्या पत्रात दर १०० चौरस मिलिमीटरांमागे पांढरा चौकोन ९ गुणिले ९, म्हणजे ८१ चौरस मिलिमीटरांचा उरतो. काळा भाग १९, म्हणजे जवळजवळ पंचमांश. चौथ्या पत्रात पांढरा चौकोन ४.५ गुणिले ४.५, म्हणजे सुमारे २० चौरस मिलिमीटर. काळा भाग ऐंशी टक्के. असे हे पट २०, ४०, ६०, ८० आणि १०० टक्के काळेपणाचे होतात. सुमारे ५० फुटांवरून पाहिले की रेघा वेगळ्या दिसत नाहीत; डोळा त्यांची सरमिसळ करून एकच करडी छटा पाहतो. ती छटा धुराड्याच्या तोंडाशी दिसणाऱ्या धुराशी ताडून पाहावयाची आणि जुळणारा क्रमांक लिहून ठेवावयाचा. या युक्तीला शाईच्या दोन शिशांपलीकडे काही लागत नाही आणि जगाच्या पाठीवर कोठेही काढलेला पट तोच राहतो, यातच तिचे सारे मर्म आहे. करडा रंग कुंचल्याने रंगविला असता तर एका छापखान्याचा करडा दुसऱ्याच्या करड्याशी कधीच जुळला नसता.

विल्यम केंट यांनी १८९७ साली हा पट अमेरिकन वाचकांपुढे मांडला आणि १९१० साली बोस्टन शहराच्या धूरविषयक कायद्यात त्याला स्थान मिळाले. लंडनमध्ये ५ ते ९ डिसेंबर १९५२ या पाच दिवसांत धूर आणि धुके एकत्र कोंडले गेले. त्या वेळच्या हिशेबाप्रमाणे सुमारे चार हजार माणसे त्यापायी दगावली. पुढील संशोधकांनी हा आकडा बारा हजारांपर्यंत नेला आहे. या आपत्तीनंतर ब्रिटनमध्ये १९५६ चा स्वच्छ हवा कायदा झाला. ‘काळपट धूर’ म्हणजे रिंगेलमान पटाच्या दुसऱ्या क्रमांकाइतका किंवा त्याहून गडद धूर, अशी व्याख्या त्या कायद्यात आहे. शब्दाला आकडा मिळाला की न्यायालयात वकिलाला त्याच्याशी फारसे खेळता येत नाही.

पट हाती आला म्हणजे मोजणी आपोआप बिनचूक होते, असे मात्र नाही. निरीक्षकाने धुराड्यापासून निदान १०० फूट दूर उभे राहावे, सूर्य पाठीशी ठेवावा, धूर वाऱ्याबरोबर ज्या दिशेने जात असेल तिला काटकोन करून पाहावे. धुरामागे मोकळे आकाश असावे. समोर दुसरी इमारत वा टेकडी असली की डोळा फसतो. परदेशीपुऱ्यासारख्या ठिकाणी एका धुराड्याच्या मागे दुसरे धुराडे येत असे, तेव्हा उभे राहण्याची जागा निवडण्यातच निम्मे कौशल्य होते, असे म्हटले तरी चालेल. दर पाव मिनिटाला एक, याप्रमाणे तासाभरात २४० नोंदी होतात.

उदाहरणादाखल अशी एक नोंदवही कल्पावी. २४० पैकी १४० वेळा धूर दिसलाच नाही. ६० वेळा पहिला क्रमांक, २४ वेळा दुसरा, १२ वेळा तिसरा आणि ४ वेळा चौथा. क्रमांक आणि वेळा यांचे गुणाकार मिळवले की ६०, ४८, ३६ आणि १६, एकूण १६० होतात. त्यांना २४० ने भागून २० टक्क्यांनी गुणले की तासाची सरासरी निघते १३.३ टक्के. व्यवस्थापकाने हा आकडा दाखवून म्हणावे, धूर पहिल्या क्रमांकाहूनही फिका आहे. आणि ते गणिताने खरेच असते. परंतु याच वहीत तिसऱ्या व चौथ्या क्रमांकाच्या नोंदी सोळा आहेत, म्हणजे तासातील चार मिनिटे धूर गडद काळा होता. वाळत घातलेले कपडे काळे करण्यास चार मिनिटे भरपूर झाली. यास्तव ब्रिटनने १९५८ साली केलेले नियम सरासरीवर विसंबले नाहीत, त्यांनी मिनिटे मोजली. एका भट्टीच्या धुराड्यातून आठ तासांत काळपट धूर एकूण १० मिनिटांपेक्षा अधिक नसावा, काजळी झाडण्याचे काम असेल तर १४. तो सलग ४ मिनिटांहून अधिक चालू नये. आणि चौथ्या क्रमांकाचा काळा धूर कोणत्याही अर्ध्या तासात २ मिनिटांहून अधिक नसावा. भट्टी पेटविणे, आग साफ करणे ही कामे धुरावाचून होत नाहीत, हे ओळखून दिलेली ही सवलत होती. तिच्यात व्यवहारही आहे आणि शिस्तही आहे.

या पटाच्या मर्यादाही जाणून घेतल्या पाहिजेत. पट प्रकाशाचा अडथळा मोजतो, काजळीचे वजन नव्हे. एक मीटर रुंदीच्या धुराच्या लोटातून निम्मा प्रकाश पार होत असेल, तर तोच धूर दोन मीटर रुंदीच्या धुराड्यातून निघाल्यास चौथाच हिस्सा पार होईल. धूर तोच, परंतु एका ठिकाणी काळेपणा पन्नास टक्के आणि दुसऱ्या ठिकाणी पंच्याहत्तर. याच्या उलट चलाखीही शक्य असते. भट्टीमागच्या झडपा उघडून धुरात फाजील हवा मिसळली की तो फिका दिसतो, काजळी मात्र रतीभरही कमी होत नाही. पांढऱ्या धुराला हा पट लागू पडत नाही. रंगखात्याची वाफ धुरात मिसळली असेल तर वाफ विरून जाईतो थांबून त्यापुढच्या भागाकडे पाहावे लागते. आणि रात्री पट आंधळाच.

रात्रीसाठी धुराड्याच्या आतच एका बाजूला दिवा आणि समोर प्रकाशविद्युत घट बसविण्याची पद्धत निघाली. प्रकाश ठराविक मर्यादेखाली गेला की बॉयलरखान्यात घंटा वाजते. या घंटेचे महत्त्व कायद्यापेक्षा आगवाल्याला अधिक. भट्टीच्या तोंडाशी उभ्या असलेल्या माणसाला धुराड्याचे टोक दिसत नाही, ही गोष्ट त्याला दंड करणारे सहसा विसरतात. काही कारखान्यांत एवढ्यासाठी आरसे लावीत, की मान वळविली तर धूर दिसावा. ज्याच्या हातून धूर होतो त्याला तो दाखविणे, हा धूरनियंत्रणाचा सर्वांत स्वस्त उपाय आहे.

धूर कमी करण्याची विद्या तशी जुनी आहे. जेम्स वॅटने १७८५ सालीच धूर जाळणाऱ्या भट्टीचे पेटंट घेतले होते. लँकाशर बॉयलरच्या पोटात दोन मोठे नळ असतात आणि प्रत्येक नळाच्या तोंडाशी जाळीवर आग असते. अशा बॉयलरवर हाताने कोळसा घालणाऱ्या कुशल आगवाल्याचे काम पाहण्यासारखे असे. तो एका वेळी थोडाच कोळसा घाली, पण वारंवार घाली. दोन्ही भट्ट्यांत एकदम घालीत नसे. एकीत ताजा कोळसा धुमसत असताना दुसरी पांढरीफेक तापलेली असावी, म्हणजे पुढे दोहोंचे वायू एकत्र येतात तेथे पहिलीचा धूर दुसरीच्या उष्णतेने जळून जातो. दुसरी रीत अशी की ताजा कोळसा दरवाजाशीच ठेवावयाचा, त्यातील वायू मागच्या निखाऱ्यांवरून जाऊ द्यावयाचे आणि त्याचा कोक झाला की तो मागे ढकलावयाचा. कोळसा घातल्यावर मिनिट-दोन मिनिटे दरवाजाच्या फटी उघड्या ठेवून आगीच्या वरून हवा द्यावयाची, मग बंद करावयाच्या. जाळीवर राख वितळून तिचे खडे झाले असतील तर ते वेळीच ओढून काढावयाचे. भारतीय कोळशात राखेचे प्रमाण तिसऱ्या हिश्श्याच्या आसपास किंवा त्याहून अधिकही असते. तेव्हा हे शेवटचे काम इंग्रजी पुस्तकांत वाटते त्याहून येथे कितीतरी जड होते. माळव्याच्या मे महिन्यात भट्टीसमोर उभे राहून ते करणाऱ्याच्या हातात केवळ पट देऊन भागत नाही.

धूर म्हणजे वाया गेलेला कोळसा, असे मालकांना पटविण्यासाठी नेहमी सांगितले जाते. ते अर्धेच खरे आहे. दिसणाऱ्या काजळीतून होणारे नुकसान बहुधा जळणाच्या एक-दोन टक्क्यांपलीकडे जात नाही. खरी हानी होते ती न दिसणाऱ्या कार्बन मोनॉक्साइडमधून आणि गरजेपेक्षा अधिक घेतलेल्या हवेबरोबर निघून जाणाऱ्या उष्णतेतून. म्हणूनच निव्वळ धूर घालविण्याच्या नादात झडपा सताड उघडणारा कारखाना कोळसा वाचवीत नाही, उलट अधिक जाळतो. धुराड्याकडे जाणाऱ्या वायूतील कार्बन डायऑक्साइड मोजून हवा बेताची ठेवणे, हाच दोन्ही बाजू सांभाळणारा मार्ग. साखळीसारखी फिरणारी यांत्रिक जाळी आली, तेव्हा कोळसा अखंड व सावकाश पुढे जाऊ लागला आणि फावड्यागणिक उठणारा काळा लोट नाहीसा झाला. राखेचे मोठे कण भोवऱ्यासारखा वारा फिरविणाऱ्या शंकूत पकडता येतात. सूक्ष्म कणांसाठी कापडी पिशव्यांची गाळणी किंवा विद्युत्भारित पट्ट्या लागतात.

कायद्याची कथा मात्र इंदूरपुरती उशिराची आहे. कलकत्त्यात १९०५ साली आणि मुंबईत १९१२ साली धुराच्या उपद्रवाविरुद्ध कायदे झाले. इंदूर होळकर संस्थानात असल्यामुळे ते येथे लागू नव्हते. बॉयलरांविषयीचा १९२३ चा कायदा स्फोटाच्या भयाने झालेला होता, धुराशी त्याला कर्तव्य नव्हते. सबंध देशासाठी हवेच्या प्रदूषणाचा कायदा झाला तो १९८१ साली. त्यानंतर छटांऐवजी वजन आले. धुराड्याला भोक पाडून त्यात नळी घालतात. नळीच्या तोंडाशी वायूचा वेग धुराड्यातील वेगाइतकाच ठेवतात, नाहीतर जड कण चुकतात. ठराविक वायू गाळून गाळणीचे वजन करतात. लहान बॉयलरांसाठी ठरलेली मर्यादा अशी : ताशी २ टनांहून कमी वाफ देणाऱ्यास दर घनमीटरला १२०० मिलिग्रॅम, २ ते १० टनांस ८००, १० ते १५ टनांस ६०० आणि त्यापुढे १५०. हे आकडे वायूत १२ टक्के कार्बन डायऑक्साइड आहे असे धरून काढावयाचे असतात. त्यामुळे हवा मिसळण्याची जुनी चलाखी फोल ठरते. ६ टक्के कार्बन डायऑक्साइड असताना ४०० मिलिग्रॅम भरले, तर ते ८०० च धरले जातात. धुराड्याच्या उंचीसाठीही सूत्र आहे. ताशी बाहेर पडणाऱ्या सल्फर डायऑक्साइडच्या किलोग्रॅमांचा ०.३ घात घेऊन १४ ने गुणावयाचे. १० किलोला २८ मीटर, १०० किलोला सुमारे ५६. उंची वाढली म्हणजे घाण नाहीशी होत नाही. ती दूर आणि पातळ होऊन उतरते एवढेच.

हिवाळ्यातील पहाटे मात्र उंचीचाही उपयोग मर्यादित असतो. निरभ्र रात्री जमीन झपाट्याने थंड होते, तिच्यालगतची हवा वरच्या हवेहून गार राहते आणि धूर झाकण ठेवल्यासारखा खाली कोंडतो. परदेशीपुऱ्यातील पहिल्या पाळीचा कामगार ज्या वेळी घराबाहेर पडे, नेमकी तीच ही वेळ.

परदेशीपुऱ्याच्या लोकांना धुराचा दुसराही अर्थ ठाऊक होता. धुराडे काळे तर चूल पेटलेली. हुकुमचंद मिल १२ डिसेंबर १९९१ रोजी बंद पडली. इतर मिलीही पुढेमागे त्याच वाटेने गेल्या. आकाश स्वच्छ झाले, परंतु त्यासाठी कोणाला पट धरावा लागला नाही. हुकुमचंदच्या सुमारे ४,८०० कामगारांच्या वा त्यांच्या वारसांच्या थकलेल्या देण्यापोटी सुमारे २२४ कोटी रुपयांची रक्कम डिसेंबर २०२३ मध्ये देण्यात आली, तोवर बत्तीस वर्षे लोटली होती आणि अनेक हक्कदार हयात नव्हते. धूर थांबविण्याचे म्हणजे काम थांबविण्याचे, हे समीकरण त्यामुळे या वस्तीच्या मनात बसले असल्यास नवल नाही. वस्तुतः वर सांगितलेल्या उपायांपैकी एकही असा नाही की ज्याने एक मागही बंद ठेवावा लागला असता. कोळसा थोडा थोडा घालणे, हवा बेताने देणे, रंगखात्याने हौद तापविण्यापूर्वी बॉयलरखान्याला निरोप धाडणे, याला भांडवल फारसे लागत नव्हते.

आज कापड आणि तयार कपड्यांचे लहान कारखाने ठिकठिकाणी कोळशाऐवजी शेतीतील काडीकचऱ्याच्या दाबलेल्या विटा जाळतात. व्यवहारात तिला ‘पांढरा कोळसा’ म्हणतात. हे जळणही वायुरूप द्रव्यांनी भरलेले असते, किंबहुना दगडी कोळशाहून अधिक. ओली वीट भट्टीत पडली की धूर होतोच. वजनाच्या तपासणीला यंत्रे आणि दिवस लागतात. रिंगेलमानचा पट मात्र अजूनही कोणालाही काढता येतो : पांढरा जाड कागद, काळी शाई, १० मिलिमीटरांची जाळी, हातात घड्याळ आणि शेजारी वही. वहीत तारीख, वेळ, वाऱ्याची दिशा, उभे राहण्याची जागा आणि आकाशाची स्थिती लिहिलेली नसेल, तर नोंदलेल्या क्रमांकांना तपासनीस विचारात घेत नाही, एवढे लक्षात ठेवावे.